हाताने वाचायचा इतिहास: एका घरगुती योकच्या निमित्ताने

१/ मित्रहो, या मालिकेत आपण आजवर ताम्रपट वाचले, बखरींतील अतिशयोक्ती तपासली, मोडी कागदांतील तारखा जुळवून पाहिल्या. आजचे साधन निराळे आहे. पीव्हीसीच्या नळ्या, दोन पोटेंशियोमीटर, चार बटणे आणि काही स्प्रिंगा यांपासून मी घरी एक यंत्र बनवले. जुन्या आर्केड खेळांत विमान किंवा अंतराळयान चालवण्यासाठी जी दुहाती मूठ असे, तिची ही नक्कल. तिला योक म्हणतात. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

२/ माझे म्हणणे आधीच सांगते. वस्तूंचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने, शक्य असेल तेथे, ती वस्तू एकदा स्वतःच्या हाताने बनवून पाहावी. अभिलेखागाराला हा पर्याय होऊ शकत नाही; मात्र अभिलेखागारात कोणते प्रश्न घेऊन जायचे, हे त्यातून कळते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आपण वाचायला शिकवतो, मोजायला आणि जोडायला शिकवत नाही. ही उणीव मला या यंत्राने दाखवून दिली.

३/ प्रथम शब्द. इंग्रजीतील योक म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू. हा शब्द आणि संस्कृतातील ‘युग’ एकाच प्राचीन मुळाचे. त्याच ‘युग’पासून आपला ‘जू’ आला आणि ‘युज्’ धातूपासून ‘योग’. जोडणे हा या साऱ्यांचा मूळ अर्थ. बैल आणि नांगर जोडणारे ते जू. मनुष्याचा हात आणि यंत्र जोडणारा तो योक. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही.

४/ विमानात तो आला कसा? १९०३ साली राइट बंधूंच्या विमानात योक नव्हता. वैमानिक पालथा झोपत असे. कमरेखालचा पाळणा डावी-उजवीकडे सरकवून तो पंखांना पीळ देई आणि हाताशी असलेल्या दांड्याने विमानाचे नाक वर-खाली करी. पुढे, १९१० नंतरच्या काळात, फ्रान्समधील देपर्द्युसाँ विमानांत उलट्या ‘यू’ आकाराच्या चौकटीवर चाक बसवण्याची पद्धत रूढ झाली. जुवासारखी दिसणारी ही चौकट पुढील मोठ्या विमानांच्या योकची पूर्वज मानली जाते.

५/ विमानातील योकच्या दोन हालचाली लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम आहे. चाकासारखा डावी-उजवीकडे फिरवला की विमान कलते. संपूर्ण दांडा पुढे ढकलला की नाक खाली जाते, मागे ओढला की वर येते. म्हणजे फिरवणे आणि ढकलणे-ओढणे. प्रवासी विमानाच्या चालककक्षाची छायाचित्रे पाहिलीत, तर अनेक विमानांत हीच रचना दिसेल.

६/ आता आर्केड. १९८३ साली अटारी कंपनीने ‘स्टार वॉर्स’ हा नाणे टाकून खेळायचा खेळ बाजारात आणला. पडद्यावर चित्रे भरलेली नव्हती. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत रेषांनीच सारे अंतराळ रेखाटले जाई. खेळाडूच्या हातात दोन मुठी, चार बटणे: दोन तर्जनीखाली, दोन अंगठ्याखाली. ज्यांनी तो खेळ खेळला त्यांना आजही आठवते ती मुठींची पकड. या योकची नक्कल घरी बनवणारे हौशी लोक जगभर आहेत. मीही त्याच वाटेने गेले.

७/ माझी पहिली चूक ही की, मी गृहीत धरले: खेळ उडण्याचा, म्हणून योक विमानाचा. त्यामुळे पहिल्या आराखड्यात मी ड्रॉवरला लावतात तसे सरकते चॅनेल घेतले, म्हणजे दांडा पुढे-मागे जाईल. पाइप कापले, चॅनेल बसवले, पोटेंशियोमीटर जोडला. मग जुन्या यंत्राच्या दुरुस्तीची चित्रे समोर ठेवून मापे जुळवू लागले, तेव्हा ध्यानात आले की मूळ यंत्रात चॅनेलला जागाच नाही. त्या योकचा दांडा पुढे-मागे सरकतच नाही.

८/ मूळ रचना अशी. संपूर्ण मूठ स्टिअरिंगप्रमाणे डावी-उजवीकडे फिरते. हा पहिला अक्ष. वर-खाली जाण्यासाठी मात्र दांडा हलवायचा नाही. दोन्ही मुठी आपल्याच आडव्या अक्षाभोवती मनगटाने पुढे-मागे कलवायच्या. मोटरसायकलचा अॅक्सिलरेटर पिळताना मनगटाची जी हालचाल होते, जवळपास तीच. खांदा आणि कोपर यांना फारसे काम नाही. सगळा कारभार मनगटाचा.

९/ येथे मी थांबले. हजारो किलो वजनाचे विमान चालवायला मनगटाची एवढी बारीक हालचाल कोण देईल? जुन्या विमानांत तर पंखांवरील हवेचा दाब तारांमधून थेट वैमानिकाच्या हातावर येई. तेथे खांद्याचे बळ लागे. मनगटाची हालचाल लागते ती नेम धरायला. मग उडण्याच्या खेळाला नेम धरण्याचे हत्यार का दिले? हा प्रश्न पुस्तक वाचताना मला पडला नव्हता. माझ्या टेबलावर निकामी पडलेल्या ड्रॉवर-चॅनेलने तो विचारला.

१०/ उत्तर कागदांत होते आणि ते तीन वर्षे मागे जाते. १९८० साली अटारीचा ‘बॅटलझोन’ हा रणगाड्याचा खेळ आला. त्याचे प्रमुख प्रोग्रॅमर एड रॉटबर्ग. परिदर्शकातून पाहिल्यासारखे दृश्य, हिरव्या रेषांचे डोंगर, शत्रूचे रणगाडे. पहिल्या पुरुषाच्या दृष्टीने पाहिलेले त्रिमितीय रणांगण त्या काळात नवलाचे होते. अमेरिकी लष्कराशी संबंधित निवृत्त अधिकाऱ्यांच्या एका गटाला त्यात प्रशिक्षणाची शक्यता दिसली.

११/ तेव्हा अमेरिकी लष्करात ब्रॅडली हे नवे चिलखती वाहन येऊ घातले होते. त्याच्या तोफचालकाला सराव देण्यासाठी ‘बॅटलझोन’ची सुधारित आवृत्ती बनवावी, अशी कल्पना पुढे आली. तीच ‘ब्रॅडली ट्रेनर’. यात वाहन चालवायचे नव्हते. खेळाडू एका जागी बसून बुरूज फिरवणार, लक्ष्य ओळखणार, शस्त्र निवडणार आणि मारा करणार. त्यासाठी ‘बॅटलझोन’चे दोन दांडे काढून ब्रॅडलीच्या तोफचालकाच्या मुठींवर बेतलेला योक बसवण्यात आला.

१२/ तोफचालकाच्या मुठींचे काम काय? चाकासारख्या फिरवल्या की बुरूज डावी-उजवीकडे वळतो. मनगटाने कलवल्या की तोफेची नळी वर-खाली होते. बोटाखाली ट्रिगर. म्हणजे माझ्या टेबलावर जी रचना जुळत नव्हती ती हीच. प्रशिक्षणयंत्र फारसे पुढे गेले नाही. त्याचे फार थोडे, बहुधा दोनच, नमुने तयार झाले. योक मात्र कंपनीपाशी राहिला आणि १९८३ साली ‘स्टार वॉर्स’च्या पेटीवर बसला.

१३/ हे कळल्यावर खेळाकडे पुन्हा पाहा. ‘स्टार वॉर्स’मध्ये वेग वाढवण्याची किंवा कमी करण्याची सोय नाही. हात हलवला की आधी पडद्यावरचा नेम हलतो, यान त्यामागून वळते. ज्याला आपण उडणे समजत होतो, ते बहुतांशी बुरुजात बसून नेम धरणे होते. अंतराळयानाच्या चालकाच्या वेषात तेथे एक तोफचालक बसला होता. खेळाच्या जाहिरातीने हे सांगितले नसते, मनगटाने सांगितले.

१४/ या हकिगतीत एक माणूस आहे आणि त्याला विसरून चालणार नाही. ज्यांचा खेळ लष्कराला हवा होता, त्या रॉटबर्गना हे काम नको होते. खेळ बनवण्यासाठी आपण या कंपनीत आलो, युद्धाचे साहित्य बनवण्यासाठी नाही, अशी त्यांची भूमिका होती. अखेरीस त्यांनी काम केले, पण यापुढे लष्करी प्रकल्पावर आपल्याला घेऊ नये या अटीवर. अनेक वर्षांनी मुलाखतींतून त्यांनी ही नाराजी उघडपणे बोलून दाखवली आहे.

१५/ आता माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू. रॉटबर्ग यांचा विरोध मला योक बनवून कधीही कळला नसता. स्प्रिंगेत नाराजी साठवलेली नसते. पाइप कितीही अचूक कापा, त्यातून कामगाराची सदसद्विवेकबुद्धी, व्यवस्थापनाचा आग्रह, मुदतीचा दबाव यांतले काहीही हाती लागत नाही. त्यासाठी मुलाखती, पत्रे, करार हेच वाचावे लागतात. जे हौशी केवळ यंत्र बनवतात आणि त्याचा जन्म विचारत नाहीत, त्यांच्या हाती अर्धाच इतिहास येतो.

१६/ या टप्प्यावर एक सोपा निष्कर्ष मोह घालतो: पाहा, मुलांची खेळणी म्हणजे लष्कराची उरलेली हत्यारे! समाजमाध्यमांवर असे वाक्य वेगाने पसरते. ते चुकीचे आहे असे नाही, पण अपुरे आहे. कारण हाच प्रवास त्याआधी अर्धशतक उलट दिशेने झाला होता. त्यासाठी आपल्याला न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी, पियानो आणि ऑर्गन बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तळघरात जावे लागेल.

१७/ एडविन लिंक हा त्या कारखानदाराचा मुलगा. त्याला उड्डाणाचे वेड होते, पण विमानातील शिकवणी अतिशय महाग. १९२७ ते १९२९ या काळात त्याने जमिनीवरच उड्डाण शिकवणारे यंत्र बनवले. सामान कुठले? जे हाताशी होते ते: ऑर्गनचे भाते, हवेच्या झडपा आणि नळ्या. आपल्या हार्मोनियमचा भाता डोळ्यांसमोर आणा. असे भाते लाकडी डब्याखाली बसवा. दांडा हलवला की झडप उघडते, एका भात्यातली हवा निघते, दुसऱ्यात भरते आणि डबा कलतो. हे जगातील पहिले यशस्वी उड्डाण-प्रशिक्षणयंत्र.

१८/ १९३१ साली मंजूर झालेल्या लिंकच्या पेटंटचे शीर्षकच बोलके आहे. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणसाधन आणि त्याच वेळी करमणुकीचे उपकरण, अशी दोन्ही कामे त्यात नोंदवली आहेत. आणि बाजाराने आधी निवड केली ती करमणुकीची. उड्डाणशाळांनी फारसा रस दाखवला नाही. सुरुवातीची यंत्रे गेली ती प्रामुख्याने जत्रेसारख्या करमणूक-उद्यानांत. लोक पैसे देऊन त्यात बसत, डुलत आणि हसत उतरत.

१९/ १९३४ च्या फेब्रुवारीत चित्र पालटले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने खासगी कंपन्यांचे हवाई टपालाचे करार रद्द करून ते काम लष्करी हवाईदलाकडे सोपवले. हिवाळा, धुके, रात्र. आणि केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव नसलेले वैमानिक. थोड्याच काळात सुमारे डझनभर वैमानिकांनी प्राण गमावले. त्याच वर्षी लष्कराने लिंकची सहा यंत्रे प्रत्येकी ३,५०० डॉलरला विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत अशी १०,००० हून अधिक यंत्रे तयार झाली होती.

२०/ म्हणजे १९३४ मध्ये जत्रेतले खेळणे लष्करात गेले आणि माणसे वाचवण्याच्या कामी आले. १९८० नंतर लष्करासाठी घडवलेली मूठ आर्केडमध्ये आली आणि मुलांच्या हाती पडली. या दोन घटना शेजारी ठेवल्या की ‘खेळणे’ आणि ‘हत्यार’ हे शब्द वस्तूचे गुण राहत नाहीत. ते वापराचे शब्द ठरतात. वस्तू तीच राहते आणि तिच्याभोवतीचा करार बदलतो. इतिहासकाराने पाहायचे ते हे करार: पैसे कोणी दिले, मागणी कोणी केली, नकार कोणाला देता आला आणि कोणाला नाही.

२१/ तिसरे उदाहरण मला सर्वांत आवडते. १९८५ साली अटारीचाच ‘पेपरबॉय’ आला. सायकलवरून वर्तमानपत्रे टाकत जाणारा मुलगा, एवढाच खेळ. त्याच्या पेटीवर सायकलचे हँडल होते. त्या हँडलाखालची यंत्रणा ‘स्टार वॉर्स’च्या योकचीच, थोडी बदललेली. ब्रॅडलीच्या तोफचालकाची मूठ, मग अंतराळयानाची, मग पेपर टाकणाऱ्या पोराची. पाच वर्षांत एकाच रचनेने तीन जन्म घेतले. कारखान्याच्या हिशेबात याला फक्त बचत म्हणत असतील.

२२/ आता बनवण्याच्या तपशिलाकडे, कारण त्यातूनच दुसरी शिकवण मिळाली. पोटेंशियोमीटर म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखाली असतो तो भाग; फिरवला की विद्युतदाब बदलतो. साधा पोटेंशियोमीटर सुमारे २७० अंश फिरतो. माझा योक दोन्ही बाजूंना तीस-तीस, म्हणजे एकूण ६० अंश फिरतो. संगणकाशी बोलणारा छोटा आर्डुइनो बोर्ड तो दाब ० ते १०२३ या अंकांत वाचतो. थेट जोडणी केली, तर १०२४ पायऱ्यांपैकी जेमतेम २२७ वापरात येतात. पडद्यावर नेम धक्के खात पुढे सरकतो.

२३/ उपाय जुनाच. योकच्या आसावर मोठे दातेरी चक्र, पोटेंशियोमीटरवर त्याच्या चौथाई दात्यांचे लहान चक्र. योक ६० अंश फिरला की पोटेंशियोमीटर २४० अंश फिरतो आणि पायऱ्या सुमारे ९१० होतात. मूळ यंत्रातही दातेरी चक्रे आहेत. ती तेथे का आहेत, हे मी दुरुस्तीच्या चित्रांत अनेकदा पाहूनही स्वतःला विचारले नव्हते. आपली मूठ धक्के खाऊ लागली, तेव्हाच विचारले.

२४/ स्प्रिंगांनीही असेच शिकवले. बुधवार पेठेतून आणलेली पहिली जोडी इतकी कडक निघाली की दहा मिनिटांत मनगट दुखू लागले. दुसरी इतकी सैल की सोडल्यावर मूठ मधोमध परत येईना. नाणे टाकून खेळणाऱ्या अनोळखी माणसाला पहिल्या क्षणी मूठ आपलीशी वाटावी, दिवसभर शेकडो हातांनी पिळूनही ती मोडू नये आणि तरी मनगट थकू नये; या तिन्ही गोष्टी एकाच स्प्रिंगेत बसवणारा अभियंता किती तडजोडी करत असेल! त्याच्या कौशल्याबद्दल आदर वाटला तो त्या दुखऱ्या मनगटामुळे.

२५/ कोणी म्हणेल, हा सारा छंदाचा मामला. त्याला इतिहासपद्धतीचे नाव कशाला? तर आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रात पाचव्या शतकातील जहाज रंगवलेले आहे. त्याचा आराखडा नाही, मापे नाहीत, बांधणाऱ्यांची टिपणे नाहीत. त्या चित्रावरून फळ्या काथ्याने शिवून एक जहाज गोव्यात बांधले गेले. केरळच्या पारंपरिक कारागिरांनी ते शिवले, २०२५ च्या फेब्रुवारीत ते पाण्यात उतरले आणि त्याच वर्षी मे महिन्यात ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले.

२६/ चित्रकाराने जहाज एका बाजूने रंगवले; बांधणाऱ्याला मात्र दुसरी बाजूही बांधावी लागते. सपाट चित्राला न पडणारे प्रश्न लाकडाला पडतात: पोट किती रुंद, डोलकाठी किती खोल, सुकाणू कोठे बांधायचे. याच वेळी मर्यादाही ओळखावी. जहाज तरंगले म्हणून पाचव्या शतकातील जहाज अगदी असेच होते, हे सिद्ध होत नाही. असे असू शकत होते, एवढेच सिद्ध होते. ‘असू शकत होते’ आणि ‘होते’ यांतील अंतर पुसणारे लोक आपल्याकडे फार आहेत. प्रतिकृती बनवणाऱ्याने तरी त्यांच्या पंक्तीला बसू नये.

२७/ माझ्या योकलाही हीच मर्यादा लागू आहे. त्यात पीव्हीसी आहे, मूळ यंत्रात धातू होता. माझा बोर्ड जितक्या बारकाईने वाचतो तितकी तेव्हाची पद्धत नव्हती. म्हणून ‘१९८३ साली असेच वाटत असेल’ असे मी म्हणणार नाही. म्हणेन ते एवढेच: हालचालीची रचना हीच होती आणि ती रचना बुरुजाची आहे, विमानाची नाही. पुराव्याने जेवढे दिले तेवढेच घ्यावे.

२८/ मग हे आज सांगण्याची निकड काय? १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने ‘मेम’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या आर्केड यंत्रांचे वर्तन घरच्या संगणकावर जसेच्या तसे उभे करणारी ही प्रणाली. तिच्यामुळे हजारो खेळांचे प्रोग्रॅम नष्ट होण्यापासून वाचले. हे उपकार मोठेच. पण त्या खेळांपैकी बहुतेक आज कळफलकाच्या बाणांवर खेळले जातात. प्रोग्रॅम वाचला, मनगट गेले.

२९/ कळफलकावर ‘स्टार वॉर्स’ खेळणाऱ्या अभ्यासकाला तो खेळ बुरुजाचा आहे, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. त्याच्यासमोर पूर्ण, अचूक, बिनचूक प्रोग्रॅम आहे आणि तरी मुख्य पुरावा गहाळ आहे. डिजिटल जतनाचे हे मोठे भाबडेपण आहे: जे अंकांत बसते ते वाचते आणि जे हातात बसते ते भंगारात जाते. पुढच्या पिढीला आपण पूर्ण साधन दिले असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात आपण साक्षीदाराची अर्धी जबानी देत असू.

३०/ हे केवळ अमेरिकेतील खेळयंत्रांपुरते नाही. छापखान्यात शिशाचे मराठी खिळे जुळवणारे हात आता किती उरले? जोडाक्षराचा खिळा केसच्या कोणत्या खणात, हे त्यांना न पाहता कळे. त्यांनी छापलेली पुस्तके ग्रंथालयात आहेत; त्यांच्या हातांचा नकाशा कोठे आहे? मराठी टाइपरायटरवर काना, मात्रा, रफार कोणत्या क्रमाने मारावा लागे, हे न्यायालयाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाच्या बोटांत आहे. कागद जपून ठेवला. बोटांचा क्रम कोणी टिपून ठेवला?

३१/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती. आपापल्या गावी बंद पडलेले एखादे यंत्र शोधा: छापखान्याचे ट्रेडल, चित्रपटगृहातील प्रक्षेपक, गिरणीतील माग, काहीही. ते चालवणारी व्यक्ती हयात असेल तर तिच्याकडे जा. मापे घ्या, प्रत्येक हालचालीचे चित्रण करा, कोणता स्नायू दुखत असे हे विचारा. शक्य झाल्यास त्यातील एक छोटा भाग स्वतः बनवून पाहा. तो बिघडेल. बिघडला की काय चुकले ते लिहून ठेवा. पहिला चांगला प्रश्न बहुधा तेथेच मिळेल.

३२/ आणि योक बनवू पाहणाऱ्या हौशी मित्रांनाही एक सांगणे. तुम्ही इतिहासकारांपेक्षा अधिक काही जाणता, हे आम्ही मान्य करायला हवे. पण केवळ ‘जुन्या दिवसांची मजा’ म्हणून हे यंत्र जोडू नका. तुमच्या हातातील मूठ कोणासाठी घडली, कोणी नाराजीने तिच्यावर काम केले आणि ती कशी हातोहात फिरली, हेही त्यासोबत नोंदवा. आठवण गोड असली म्हणून तिचा उगम निरागस ठरत नाही. आणि उगम लष्करी असला म्हणून ती मजा खोटी होती, असेही नाही.

३३/ माझा योक आता टेबलावर आहे. डावी मूठ किंचित ढिली आहे, एक बटण कधीकधी दोनदा लागते. ते ड्रॉवर-चॅनेल मी फेकले नाही. शेजारीच ठेवले आहे. पाहायला येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कशाला ठेवलेस? मग मला ही सगळी हकिगत सांगावी लागते. पटली नसेल तर खाली जरूर वाद घाला. आणि तुमच्या घरात, गावात असे एखादे यंत्र असेल तर त्याविषयी लिहा. पुढील धागा त्यावर करू.